नावापुढची चांदणी

बायबल कॉलेजच्या माहितीपत्रकात शेवटी शेवटी शिक्षकांची यादी असते. नाव, पदवी, विषय. काही नावांपुढे चांदणी काढलेली असते आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात तिचा खुलासा: अर्धवेळ. बिनचांदणीच्या नावांसमोर बी.डी., एम.टीएच. अशा धर्मविज्ञानाच्या पदव्या असतात, चांदणीवाल्यांसमोर बी.कॉम., एलएल.बी., नर्सिंगची जी.एन.एम. असं काहीबाही. आठवड्यातले उरलेले दिवस ही माणसं काय करतात, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घडवणाऱ्या शाळेनं ते लिहावं, आणि ठळक लिहावं, असं माझं म्हणणं आहे. अर्धवेळ शिक्षकाला बोलवायचं ते त्याच्या त्या उरलेल्या दिवसांसाठी, विषय द्यायचा तो त्या कामातला, आणि तासाचे पैसे द्यायचे ते आधी ठरवून, लेखी.

मी बेळगावचा. बँकेतली नोकरी संपवून आता मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचे, हिशेब हा विषय शिकवायला जातो, म्हणजे मीही चांदणीवालाच. माझं वजन कुठल्या पारड्यात आहे ते वाचकांनी धरूनच पुढं वाचावं.

आमच्या सीमाभागातल्या पोरांना धर्माचं मोठं शिक्षण घ्यायचं तर गाव सोडावं लागतं. प्रॉटेस्टंट पोरगा पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जातो (ती १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली) किंवा कन्नड चालत असेल तर मंगळूरला कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेजात. कॅथलिक असेल तर गोव्यात राशोलला, नाहीतर पुण्याच्या पेपल सेमिनरीत. इकडे उरतात ती छोटी बायबल कॉलेजं. चर्चच्या हॉलमध्ये किंवा भाड्याच्या बंगल्यात वर्ग, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पूर्णवेळ शिक्षक, आणि बाकीचा सगळा गाडा अर्धवेळांच्या खांद्यावर. यातून निघालेला पोरगा खानापूरच्या एखाद्या खेड्यात, निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात किंवा अथणीकडच्या उसाच्या गावात पाळक म्हणून जातो. मोठ्या सेमिनरीतून शिकून आलेला बहुतेकदा शहरातल्या चर्चमध्ये टिकतो. खेड्यातल्या मंडळ्यांचं भलंबुरं व्हायचं ते या छोट्या कॉलेजांतून निघालेल्यांच्या हातून.

तिथं शिकवायला येणारी माणसं कोण? मिरजेला नर्सिंग केलेली सिस्टर, हायस्कुलातले कन्नडचे मास्तर, कोर्टात वकिली करणारा चर्चचा पंच, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, शाळेतल्या बाई. बोर्डाच्या नजरेत ही सगळी भरती म्हणजे नाइलाज. पैसे आले की पूर्णवेळ माणूस नेमू, तोवर हे चालवून घेऊ. मला वाटतं, गाडी इथंच चुकीच्या फाट्याला लागते. नाइलाजानं बोलावलेल्या सिस्टरला मग वर्गात जे रिकामं असेल ते दिलं जातं, ‘मंडळीचा इतिहास, भाग दोन’. ती बिचारी कुणाच्या तरी जुन्या नोट्स रात्रपाळी करून आल्यावर वाचते आणि पोरांना उतरवून देते. तिच्यापाशी जे होतं ते वर्गाबाहेरच राहतं.

अर्धवेळ शिक्षक म्हणजे अर्धा शिक्षक ही समजूत सेमिनऱ्यांनी तरी बाळगू नये, कारण त्यांचं सगळं गोत्रच अर्धवेळाचं आहे. आज देशातल्या बहुतेक जुन्या चर्चांच्या सेमिनऱ्या ज्या सेरामपूरच्या सिनेटची पदवी मिरवतात, ते सेरामपूर कॉलेज १८१८ चं. ते काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी मूळचा चांभारकाम करणारा. हिंदुस्थानात आल्यावर त्यानं आधी निळीच्या कारखान्याचा कारभार पाहिला. १८०१ पासून तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या नोकरांना भाषा शिकवायला जाऊ लागला, पगार सुरुवातीला महिना ५०० रुपये. त्यातलं बहुतेक सगळं सेरामपूरच्या मिशनच्या तिजोरीत जायचं. म्हणजे एका ठिकाणी शिकवून दुसऱ्या ठिकाणचं काम चालवणारा माणूस. तिथं तो मराठीही शिकवत असे आणि त्याचं मराठीचं व्याकरण १८०५ चं आहे. ते त्याला शिकवणारे वैजनाथ पंडित ना ख्रिस्ती होते, ना कुठल्या सेमिनरीचे पदवीधर. त्यांच्या मदतीवाचून मराठीत नवा करार १८११ मध्ये छापून येणं कठीणच होतं.

आमच्या गावाचंही तेच. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० ला सुरू झालं. बाबा पदमनजी याच गावात १८३१ मध्ये जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथंच झाला. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा जो डोंगर उभा केला, तो एकाच वेळी शिक्षक, पत्रकार, भाषांतरकार, उपदेशक अशी दहा कामं करत. नगरच्या सेमिनरीत शिकवणारे नारायण वामन टिळक कवी आणि संस्कृतचे जाणकार होते. धर्मविज्ञानाची पदवी घेऊन कुणी त्यांना तिथं आणलं नव्हतं. पौलाचं तर काय सांगावं! करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवायचा आणि शब्बाथाला सभास्थानात बोलायचा. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय काढून बघा. हे सगळे आज आले असते तर माहितीपत्रकात त्यांच्या नावांपुढे चांदणीच लागली असती.

आता त्या सिस्टरचा एक तास सांगतो. व्हरांड्यात बसून मी तो पुष्कळसा ऐकला आहे. विषयाचं कागदावरचं नाव पाळकीय समुपदेशन. पुस्तक उघडायच्या आधी तिनं दोन बाकं जोडून खाट केली, त्यावर एका पोराला आडवं केलं आणि दुसऱ्याला म्हणाली, ‘जा, भेटायला जा.’ तो गेला आणि खाटेच्या कडेवर बसला. ‘ऊठ. खाटेवर बसायचं नाही. स्टूल ओढ. डोकं त्याच्या डोक्याच्या उंचीला येऊ दे, त्याला मान वर करायला लावू नको.’ पोरानं विचारलं, काय झालंय? ‘काय झालंय ते केसपेपरवर आहे. रात्री झोप लागली का, ते विचार.’ मग प्रार्थना. पोरानं डोळे मिटून हात पुढं केला तो नेमका जिथं सलाईन लावलेली असते त्या मनगटावर. वर्ग हसला, ती हसली नाही. ‘आंधळी प्रार्थना करू नको. आधी बघ, नळी कुठं आहे. मग विचार, हात ठेवू का? बाई असेल तर घरच्या माणसाला जवळ उभं कर. आणि दोन मिनिटांत आमेन. त्याला लघवीला जायचं असेल, तुझ्यामुळं तो थांबलेला असेल.’

त्यानंतर ती जे बोलली ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणारी माणसं तिनं वॉर्डात पाहिली होती. साखरेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, टीबीच्या गोळ्या. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. मधेच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खोकला घरभर फिरतो. ‘तुमच्या सभेत कुणी उठून म्हणालं की मी बरा झालो, तर हालेलुया म्हणा आणि लगेच विचारा, गोळी चालू आहे ना? हे स्टेजवरून विचारा, खाली कानात नको.’ हे वाक्य धर्मविज्ञानाच्या कुठल्या एम.टीएच.ला सुचलं असतं? सुचलं असतं तरी ते अशा अधिकारानं बोलता आलं नसतं. तिच्या साक्षीला वॉर्ड उभा होता.

वकिलाचंही तसंच, फक्त तिथं हसू कमी. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचं तर कोणाला परवाना लागतो, वय कसं तपासायचं, नोंदवही कशी ठेवायची, हे न शिकताच पोरं पाळक होतात आणि मग एखाद्या पळून आलेल्या जोडप्याच्या पायी पोलीस ठाण्यात बसतात. कर्नाटकाचा धर्मांतराचा कायदा तर आमच्या दारातच मंजूर झाला: २०२१ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधातल्या अधिवेशनात विधानसभेनं तो संमत केला आणि २०२२ मध्ये तो लागू झाला. धर्म बदलू पाहणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि विधी करणाऱ्यानंही. २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं. मंत्रिमंडळानं ठरवणं आणि पुस्तकातून कायदा निघणं यांत किती अंतर असतं, हे समजावून सांगायला वकीलच लागतो. व्हॉट्सॲपवर ‘कायदा रद्द झाला, हालेलुया’ असा निरोप पसरवणारे पाळक मी पाहिले आहेत.

माझ्या विषयाबद्दल थोडक्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घ्यायची तर नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं लागतं, ती देणगी पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासनाच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पोरांना यात रस नसतो. रविवारच्या अर्पणाची पिशवी दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची, एवढं जरी त्यांच्या अंगवळणी पडलं तरी मी वर्ष सत्कारणी लागलं असं समजतो.

भाषेचा प्रश्न आमच्याकडं ओघानं येतोच. खानापूर तालुक्यातल्या मंडळीत गीतं मराठी, शास्त्रपाठ मराठी, पण पंचायतीचा उतारा कन्नड, तहसीलचा अर्ज कन्नड, पोलिसांचा जबाब कन्नड. चिकोडीकडं एकाच बाकावर सासू मराठी बायबल उघडते आणि सून कन्नड. बाहेरून आलेले पूर्णवेळ शिक्षक अभ्यासात उत्तम असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते शिकवतात इंग्रजीत, आणि पोरगा परीक्षेत इंग्रजीत शिकलेला उपदेश गावात जाऊन मराठीत सांगू पाहतो तेव्हा त्याची जीभ अडखळते. ही अडचण सोडवणारा माणूस रोज दोन्ही भाषांत जगणारा असतो. हायस्कुलातले ते कन्नडचे मास्तर घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही बोलतात. त्यांना बोर्डानं इंग्रजी व्याकरण शिकवायला ठेवलंय. यावर मी आणखी काय बोलू?

याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि त्यातलं एक खरं आहे. हिब्रू क्रियापद शनिवारी दुपारी दमलेल्या माणसाकडून शिकता येत नाही. ग्रीक, हिब्रू, जुना-नवा करार, सिद्धांत, याला रोजची बैठक लागते, ग्रंथालय लागतं, आणि ज्यानं आयुष्य त्यात घातलंय असा माणूस लागतो. कॅथलिकांनी ही रेघ कायद्यातच ओढलीय. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणं तत्त्वज्ञान, धर्मविज्ञान आणि धर्मकायदा शिकवायला रोमची मान्यता असलेल्या विद्यापीठाची डॉक्टरेट किंवा तिच्या खालोखालची लायसेंशिएट ही पदवी लागते, आणि पुरोहित व्हायला निदान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास. रेघ बरोबर आहे. रेघेच्या पलीकडं जे मोकळं आवार राहतं ते कुणी आणि कसं भरायचं, एवढाच वाद आहे. आमच्या छोट्या कॉलेजांत होतं उलटं: सिद्धांत शिकवायला पूर्णवेळ माणूस मिळत नाही म्हणून तो वकिलाच्या गळ्यात मारतात आणि कायदा शिकवतच नाहीत.

दुसरा आक्षेप शुद्ध शिकवणीचा. बाहेरचा माणूस वर्गात काय बोलेल कोण जाणे. खरं सांगायचं तर चुकीचा सिद्धांत मी पूर्णवेळांच्या तोंडूनच जास्त ऐकलाय. सिस्टरला सिद्धांत सांगायला वेळच नसतो.

आता पैसे. हा विषय निघाला की मीटिंगमध्ये सगळ्यांना अचानक पौल आठवतो. तंबू शिवून सेवा केली, कुणाला भार झाला नाही. बरोबर. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय सबंध वाचा. सुवार्ता सांगणाऱ्यानं सुवार्तेवर जगावं हा प्रभूचाच नियम आहे, असं तो आधी ठासून सांगतो, आणि मग म्हणतो की हा हक्क मी वापरला नाही. हक्क सोडायचा अधिकार हक्कदाराचा. बोर्डानं परस्पर तो सोडून देणं हे पौलाच्या नावावर खपवता येत नाही. ‘सेवा म्हणून या’ असं सांगून शिक्षकाला बोलवायचं, वर्षाअखेर पाकिटात काहीतरी घालायचं आणि शाल द्यायची, ही आमच्याकडची रीत. माझ्या कपाटात शाली बऱ्याच झाल्या आहेत. माझं चाललंय, मला पेन्शन आहे. पण रजा टाकून, एसटीनं दोन तास प्रवास करून येणाऱ्या बाईंनी काय करायचं?

सरकारी कॉलेजांतल्या अतिथी उपन्यासकांची, म्हणजे कायम नसलेल्या व्याख्यात्यांची, हकिगत बोर्डानं डोळ्यांपुढं ठेवावी. वर्षानुवर्षं ११ आणि १३ हजारांवर राबवून घेतलेली ही माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठं २०२२ च्या जानेवारीत कर्नाटक सरकारनं त्यांचं मानधन २६ ते ३२ हजारांपर्यंत नेलं. पलीकडं महाराष्ट्रात सीएचबीवाल्यांचं, म्हणजे तासांवर नेमलेल्या प्राध्यापकांचं, रडगाणं चालूच आहे. ज्या चर्चच्या व्यासपीठावरून आपण मजुराच्या मजुरीबद्दल बोलतो, त्याच चर्चच्या कॉलेजनं तासाचा दरसुद्धा कागदावर लिहू नये, हे शोभत नाही. दर किती असावा हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. शंभर रुपये देणार असाल तर शंभर लिहा.

सगळ्यांची नावं-व्यवसाय छापा असं मी म्हणतो खरा, पण त्याला एक अपवाद ठेवावाच लागेल. अर्धवेळ शिक्षकांत सरकारी नोकर असतात. त्यांना बाहेर मोबदला घेऊन काम करायला खात्याची परवानगी लागते, ते प्रकरण वेगळं. त्याहून नाजूक गोष्ट जातीची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, नंतर शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला तो नाही. कर्नाटकात अशा माणसाला मागासवर्गाच्या पहिल्या गटात टाकतात. आमच्या मंडळ्या बहुतांशी दलित वस्त्यांतून उभ्या राहिल्या, हे सगळ्यांना माहीत आहे आणि माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. एकाच घरात एक भाऊ चर्चमध्ये, दुसरा देवळात, आणि दाखले तिसऱ्याच नावानं, अशी स्थिती असते. ज्याला आपलं नाव छापून येणं परवडत नाही, त्याला छापायची सक्ती करू नये. पण ज्या शाळेत असा शिक्षक शिकवतो, तिथं ‘ख्रिस्तात जात नाही’ असं फळ्यावर लिहून विषय संपवताही येऊ नये. हा धडा शिकवायला त्याच्याइतका लायक माणूस नाही. नाव नसलं तरी त्याला तो तास द्या.

आणखी एक गोष्ट सुचवली तर माझ्याच मंडळीतले काही जण रागावतील. इतर धर्मांचा अभ्यास हा पेपर सगळीकडं असतो आणि तो शिकवायला असतो आपलाच एक पाळक, हातात एक भाषांतरित पुस्तक घेऊन. बेळगावसारख्या लिंगायतबहुल जिल्ह्यात बसवण्णांची वचनं आपल्या पोरांनी आपल्याच माणसाकडून, खंडन करण्यापुरती शिकायची? एखाद्या लिंगायत प्राध्यापकाला बोलवा. वारीला जाणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांना अभंगावर दोन तास बोलू द्या. टिळकांची भजनं आपण गातो, ती ज्या चालीत आणि ज्या छंदात आहेत तो छंद कुठून आला हे पोरांना कळायला नको? वैजनाथ पंडितांकडून शिकून ज्यांनी आपल्याला नवा करार दिला, त्यांच्या नातवंडांना यात धोका वाटावा याचं मला आश्चर्य वाटतं.

बायकांबद्दल बोललो नाही तर ही यादी अर्धीच राहील. कॅथलिक चर्चमध्ये बाईला दीक्षा नाही. मेथडिस्टांत आणि सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, पण खेड्यातल्या मंडळीनं बाईला पाळक म्हणून मागितल्याचं मी फारसं ऐकलं नाही. छोट्या स्वतंत्र मंडळ्यांत तर विचारूच नका. त्यामुळं ज्या बाईला पाळकांना शिकवायचं आहे तिच्यासाठी चांदणीचं दार एवढंच उघडं आहे. सिस्टर, शाळेतल्या बाई, समुपदेशन करणाऱ्या ताई त्यातूनच आत आल्या आहेत. आणि शिक्षकांच्या बैठकीला अर्धवेळांना बोलवत नसल्यामुळं, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलाशी एकही बाई नसते. कुणी ठरवून हे केलंय असं मी म्हणत नाही. पण चांदणीवाल्यांना बैठकीत एक मत द्यायचं झालं, तर ते टेबल एका दिवसात बदलेल, आणि मला शंका आहे की मत न देण्यामागं पैशापेक्षा हेच कारण जास्त आहे.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू होतं. त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये बोर्डाची बजेटची बैठक होते, माहितीपत्रकही तेव्हाच प्रेसमध्ये जातं. प्रत्येक अर्धवेळ शिक्षकासाठी बजेटमध्ये एक ओळ, माहितीपत्रकात त्याच्या संमतीनं त्याच्या कामाचा उल्लेख, त्याच्या विषयाला इतर विषयांइतकेच गुण, आणि बैठकीची नोटीस त्याच्याही पत्त्यावर. यातली पहिली गोष्ट सोडली तर कशालाच पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात उरलेल्या तिन्हींपासून करायलाही माझी हरकत नाही.